शेंगदाण्यातली बुरशी, पांढरी कावीळ आणि लिव्हरचा कॅन्सर

दाणापारखी

उपासाच्या पदार्थांच्या धाग्यावर दाण्याच्या कुटावरून बरीच जुंपली. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. व्हॉट्सॅपवर फिरणारा निरोप बहुतेकांनी पाहिला असेल: बुरशीचा एक शेंगदाणा खाल्ला की लिव्हरचा कॅन्सर. एका दाण्याने काही होत नाही. पण निरोप अगदीच हवेतला नाही, त्यामागे खरं विज्ञान आहे. फक्त अर्धी गोष्ट गाळलीय, आणि गाळलेली अर्धी जास्त महत्त्वाची आहे. ती हिपॅटायटिस बी च्या विषाणूची, म्हणजे आपण जिला पांढरी कावीळ म्हणतो तिची.

निर्यातीच्या शेंगदाण्यांची तपासणी होते अशा प्रयोगशाळेत मी काम करते, म्हणून दाण्याच्या बाजूने लिहिते. विषाणूच्या बाजूने इथले डॉक्टर लोक भर घालतीलच.

हे विष उघडकीला आलं ते टर्कीमुळे. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची लाखभर पिल्लं पटापट मेली. रोग कळेना म्हणून त्याला 'टर्की एक्स' म्हणत. शोधता शोधता संशय ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीवर गेला. पेंडीत अस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी होती आणि तिने तयार केलेल्या विषाने पिल्लांची यकृतं निकामी झाली होती. तेच अफ्लाटॉक्सिन. अतिनील दिव्याखाली निळं चमकतं ते बी आणि हिरवं चमकतं ते जी. त्यातलं बी-१ सगळ्यात जहाल.

माणसांतलं उदाहरण तर आपल्या शेजारचंच. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल जिल्ह्यांत, भिल्ल वस्त्यांमध्ये कावीळ पसरली. आधी डोळे पिवळे, मग पोटात पाणी. ३९७ जण आजारी पडले, १०६ दगावले. घरच्या कुत्र्यांनाही तसंच झालं, ही गोष्ट तपास करणाऱ्यांच्या डोळ्यांत भरली, कारण कुत्री घरातलंच उष्टं खात होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मका तपासला. अवकाळी पावसात भिजलेला, तसाच साठवलेला, आणि दोन्ही वेळच्या भाकरीला तोच. काही नमुन्यांत किलोमागे १५,६०० मायक्रोग्रॅमपर्यंत अफ्लाटॉक्सिन निघालं. आज आपल्याकडे धान्यासाठी कायद्याची मर्यादा १५ आहे, यावरून अंदाज बांधा.

हे झालं एकदम खूप विष पोटात गेल्यावर. कॅन्सरची गोष्ट थोड्या थोड्या विषाची आणि वर्षानुवर्षांची. त्यासाठी शांघायला जावं लागेल. १९८६ ते १९८९ या काळात तिथल्या १८,२४४ पुरुषांच्या लघवीचे नमुने घेऊन ठेवले गेले आणि पुढे कोणाला यकृताचा कॅन्सर होतो त्यावर नजर ठेवली. मग जुने नमुने काढून पाहिले. ज्यांच्या लघवीत अफ्लाटॉक्सिनच्या खुणा होत्या पण बी चा विषाणू नव्हता, त्यांचा धोका इतरांच्या साधारण साडेतीन पट. विषाणू होता पण विषाच्या खुणा नव्हत्या, त्यांचा सात पटींच्या आसपास. दोन्ही असलेल्यांचा जवळजवळ साठ पट. नुसती बेरीज झाली असती तर दहाच्या पुढेमागे आकडा आला असता.

असं का होतं? बी-१ स्वतः तसं गरीब असतं. यकृतातली एन्झाइम्स त्याची विल्हेवाट लावायला जातात आणि त्या खटाटोपात त्याचं इपॉक्साइड बनतं, ते मात्र डीएनएतल्या ग्वानिन या घटकाला चिकटतं. त्यातल्या बऱ्चशा विषाला ग्लुटाथायोन हे यकृतातलं संरक्षक द्रव्य पकडून बाहेर काढतं, सुटलेलं आपलं काम करतं. पी-५३ हे जनुक पेशींच्या बेसुमार वाढीला आवर घालतं. त्याच्या २४९ व्या जागी डीएनएच्या अक्षरांतल्या 'जी' चा 'टी' होतो. १९९१ मध्ये चीनमधल्या छिदोंगच्या आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या रुग्णांच्या गाठींमध्ये हाच नेमका बदल पुन्हा पुन्हा सापडला. विष आपली सही करून गेलं होतं म्हणा ना.

आता विषाणूचं काम. बी चा विषाणू यकृतात ठाण मांडून बसला की शरीर बाधित पेशी मारत राहतं आणि त्यांच्या जागी नव्या तयार होत राहतात. पोथी उतरवून घेणाऱ्याच्या मागे कोणी घाई लावली, तर आधीच्या प्रतीतली चूक न सुधारताच पुढच्या प्रतीत जाते. इथे तसंच. विषाने केलेली मोडतोड दुरुस्त व्हायच्या आत पेशी दुभंगते आणि चूक कायमची होते. शिवाय विषाणू स्वतःच्या डीएनएचे तुकडे आपल्या डीएनएत घुसवतो, ते वेगळंच.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिन, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी या तिघांनाही पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर घडवतातच अशा गटात टाकलं आहे. तेव्हा दाणे निवडून घ्या हे खरंच, पण त्याआधी सांगा, तुमच्यापैकी कितीजणांनी आयुष्यात एकदा तरी एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी ची रक्ततपासणी) तपासून घेतलंय?

सोलापुरी_चादर

मी पयला! शेंगा चटणी सोडायची का तेवढं सांगा. बाकी सावकाश वाचतो.

दाणापारखी

अजिबात नाही. पण चटणीला दाणे घेताना 'कुटायचेच तर आहेत' म्हणून फुटका, सुरकुतलेला, काळपट माल स्वस्तात उचलू नका. गडबड त्यातच जास्त असते. टपोऱ्या, अखंड दाण्यात सहसा कमी.

अजून एक. दाणा खवट लागतो तो त्यातलं तेल खराब झाल्यामुळे. अफ्लाटॉक्सिनला स्वतःची चव नाही, वास नाही. कडू दाणा थुंकून टाकावा हे बरोबर, पण गोड लागला म्हणून तो शुद्ध असं नाही.

मोहोर

भाजल्यावर जातं ना पण? आमच्याकडे कूट कायम खमंग भाजूनच करतात.

दाणापारखी

भाजून थोडं कमी होतं, जात नाही. याचा रेणू अडीचशे अंशांच्या आसपास गेल्यावर मोडायला लागतो. तिथवर दाण्याचा कोळसा झालेला असेल. उकडून किंवा कुकरला लावून तर फारसा फरक पडत नाही. भाजल्यानंतर साल काढून, पाखडून, डागाळलेले दाणे वेचणं जास्त उपयोगाचं. आई-आजी सुपात दाणे घेऊन बसायच्या ते उगाच नव्हे.

स्टेथोस्कोप

चांगला धागा. दाणापारखीताई, विषाणूची बाजू मी घेतो, कारण ओपीडीत सगळ्यात मोठा घोळ इथेच असतो. 'मला लहानपणी कावीळ झाली होती, आता कॅन्सर होईल का' हा प्रश्न सतत येतो.

कावीळ हे लक्षण आहे, एक आजार नव्हे. ए आणि ई चे विषाणू दूषित पाण्यातून, अन्नातून येतात. २०१२ मध्ये इचलकरंजीत जी साथ आली ती ई ची. गरोदर बाईला ई फार वाईट, जीव जाऊ शकतो. पण ए असो की ई, माणूस बरा झाला की विषय संपला, त्यातून यकृताचा कॅन्सर होत नाही. लहानपणी शाळेत सगळ्यांना आलेली कावीळ बहुधा ए असते.

बी आणि सी रक्तातून पसरतात. बी शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही येतो. हे दोघं वर्षानुवर्षं मुक्काम करतात आणि बहुतेकदा कावीळ दाखवतच नाहीत. माणूस धडधाकट असतो, रक्तदान शिबिरात नाहीतर ऑपरेशनआधीच्या तपासणीत अचानक कळतं.

बी मध्ये कोणत्या वयात लागण झाली यावर सगळं अवलंबून आहे. मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातले पंचाण्णवच्या आसपास लोक विषाणू स्वतःच हाकलून देतात. जन्मताना आईकडून झाली आणि आईच्या रक्तात विषाणू भरपूर असेल, तर दहातल्या नऊ बाळांमध्ये तो कायमचा राहतो. ते मूल चाळिशी-पन्नाशीत पोहोचतं तेव्हा यकृताने तेवढी वर्षं मार खाल्लेला असतो. बी चा आणखी एक दुष्टपणा म्हणजे सिऱ्होसिस (यकृत वण पडून कडक होणं) न होताही थेट कॅन्सर होऊ शकतो. सी सहसा आधी सिऱ्होसिस करतो, मग त्यातून गाठ.

कावळेकाका

धागा वाचनीय. पण शांघायच्या अभ्यासात कॅन्सरचे रुग्ण होते किती? मी शोधून पाहिलं तर पन्नासेक. त्यांचे चार गट पाडायचे आणि 'साठ पट' म्हणून ठणकावून सांगायचं? एवढ्याशा आकड्यावर उद्या माणूस दाणे खायचा बंद होईल. शिवाय चिनी माणूस आणि आपण, खाणं वेगळं, हवा वेगळी.

निर्गुडी

काका, शंका रास्त आहे. साठ हा आकडा घट्ट धरून बसण्यासारखा नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना मोठी अनिश्चितता आहे. पण दोन्ही एकत्र आले की धोका बेरजेपेक्षा बराच वाढतो, ही दिशा पक्की आहे. आणि विषाणूचा भाग पन्नास रुग्णांवर उभा नाही. तैवानमध्ये बीज्ली यांनी २२,७०७ सरकारी नोकरदारांचा पाठपुरावा केला. १९८१ मध्ये आलेले निष्कर्ष असे की बी चे वाहक (विषाणू अंगात कायम मुक्कामाला असलेले) असलेल्यांना यकृताच्या कॅन्सरचा धोका इतरांच्या २२३ पट. कॅन्सरशास्त्रात एवढे मोठे आकडे क्वचितच दिसतात.

त्याच तैवानने १९८४ पासून बाधित आयांच्या बाळांना आणि १९८६ पासून सगळ्याच नवजात बाळांना बी ची लस द्यायला सुरुवात केली. ६ ते १४ वर्षांच्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर १९८१ ते ८६ या काळात लाखात ०.७० होता, तो १९९० ते ९४ मध्ये ०.३६ वर आला. लसीने कॅन्सर कमी होतो याचा हा पहिलावहिला ठोस पुरावा.

पण मला जास्त आवडते ती छिदोंगची गोष्ट. यांगत्सेच्या मुखाजवळचा हा भाग, यकृताच्या कॅन्सरसाठी कुप्रसिद्ध. लोकांचं मुख्य अन्न मका, हवा दमट, आणि बी चे वाहक भरपूर. ऐंशीच्या दशकात धान्यबाजार मोकळा झाला, हातात पैसा आला आणि लोक मक्यावरून भातावर गेले. पुढच्या काही वर्षांत रक्तातल्या अफ्लाटॉक्सिनच्या खुणा अनेक पटींनी घटल्या. आणि पस्तिशीच्या आतल्या लोकांमध्ये यकृताच्या कॅन्सरने होणारे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. गंमत म्हणजे ही सगळी माणसं सार्वत्रिक लसीकरणाआधी जन्मलेली. त्यांच्यात विषाणू होताच, फक्त ताट बदललं.

तेव्हा 'बाजू विषाणूचीच मोठी' हे मान्य केलं, तरी दाणा-मका निर्दोष सुटत नाही.

कावळेकाका

छिदोंगचं माहीत नव्हतं. हे पटण्यासारखं आहे. पण भातावर जाताना बाकीही बरंच बदललं असेल, डॉक्टर, औषधं, पाणी?

निर्गुडी

बदललं असणारच, म्हणून एकट्या भाताला सगळं श्रेय कोणी देत नाही. पण पिण्याच्या पाण्याने पी-५३ च्या २४९ व्या जागेवर नेमका तोच घाव घातला नसता.

तापीकाठ

मी मका पिकवणारा माणूस, नंदुरबारकडचा. बांसवाड्याचं वाचून पोटात गोळा आला, कारण ते लोक आणि आमच्या सातपुड्यातले लोक एकाच पट्ट्यातले, खाणंपिणंही सारखं.

इथे काय होतं ते सांगतो. खरिपाचा मका तयार होतो आणि नेमका परतीचा पाऊस गाठतो. कणसं ताटावरच भिजतात, वरची साल ओली राहते, आत दाण्यांच्या रांगेत हिरवट पिवळी भुकटी दिसायला लागते. ऊन पडलं की घाईघाईने तोडून मशीनमधून काढायचा, कारण मजूर आज आहेत, उद्या नाहीत. दाणा फुटतो. खळं कुठे राहिलंय, रस्त्याच्या कडेला नाहीतर ताडपत्रीवर वाळवायचा. मार्केटात व्यापारी मीटर लावतो, मॉइश्चर जास्त निघालं की भाव पाडतो. मग जो विकला जात नाही तो घरात राहतो. घरात राहतो तोच घरात खाल्ला जातो. हे कोणी लिहीत नाही.

दाणापारखी

दादा, तुम्ही लिहिलंत ते पाठ्यपुस्तकात यायला हवं. हिरवट पिवळी भुकटी म्हणजे बहुतेक तीच बुरशी. २५ ते ३५ अंश तापमान आणि ओल मिळाली की ती फोफावते. मका १३ टक्क्यांच्या आत वाळला तर साठवणीत तिचं फारसं चालत नाही. भुईमुगाचे दाणे ७-८ टक्क्यांपर्यंत वाळायला लागतात. आणि ताडपत्रीवर वाळवणं वाईट नाही, उघड्या मातीवर वाळवण्यापेक्षा कितीतरी बरं, कारण बुरशी मातीतच असते.

भुईमुगात तर ती जमिनीतच शिरते. शेवटच्या महिन्यात पावसाने ताण दिला, शेंगेला वाळवी किंवा हुमणीने भोकं पाडली, की काढणीआधीच दाणा गेलेला असतो. वरून शेंग ठीक दिसते.

याच कारणाने नमुना घेणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड कलम. हजारो दाण्यांत एखादाच भयंकर विषारी असतो, बाकी साफ. मूठभर दाणे उचलून तपासले तर निकालाला अर्थ नाही. म्हणून लॉटमध्ये ठिकठिकाणी बंबी (पोत्यात खुपसून माल काढायची पोकळ सळी) मारून वीस किलोपर्यंत माल गोळा करायचा, तो सगळा दळून एकजीव करायचा आणि मग त्यातला चमचाभर यंत्रात. युरोपला जाणाऱ्या थेट खायच्या दाण्याला एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला ४ मायक्रोग्रॅम आहे. ती ओलांडली की अख्खा कंटेनर परत येतो.

घाणेवाला

परत आलेला कंटेनर कुठे जातो हेही सांगा ताई. :) आणि लाकडी घाण्याच्या तेलाबद्दल लिहा. लोक रोज विचारतात.

दाणापारखी

वर्मावर बोट ठेवलंत. निवडून बाजूला काढलेला माल सर्रास तेलाला जातो. विष तेलात कमी आणि पेंडीत जास्त उतरतं. रिफाइंड तेलात प्रक्रियेमुळे जवळजवळ काही राहत नाही. घाण्याच्या तेलात बारीक कण राहतात, त्यामुळे खराब दाणा वापरला तर तेलातही येऊ शकतं. चांगला, निवडलेला दाणा घालणारा घाणेवाला असेल तर खुशाल घ्या. तेल उन्हात ठेवलं की त्यातलं अफ्लाटॉक्सिन मोडतं, हे म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नतंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी सत्तरच्या दशकात दाखवलं होतं. पण त्यावर विसंबून गचाळ दाणा गाळू नका.

पेंड मात्र गुरांना जाते. गाय-म्हैस ती खाते, तिच्या यकृतात बी-१ चं एम-१ होतं आणि दुधात उतरतं. खाल्लेल्या विषाचा थोडाच हिस्सा, साधारण एक ते तीन टक्के, पण दूध लहान मुलं पितात. एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेच्या सरकारी यंत्रणेने) २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले, त्यातल्या ३६८ मध्ये एम-१ मर्यादेपेक्षा जास्त होतं. 'दुधात पाणी' यावर आपण जन्मभर भांडलो, याची चर्चा कोणी केली नाही. उकळून एम-१ जात नाही, म्हणून उपाय गोठ्यातच: बुरसटलेली पेंड, सरकी ढेप, भिजलेला कडबा गुरांपुढे टाकू नये.

त्रैराशिक

नाव राखायला गणित करून पाहतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या, अन्नातल्या विषारी घटकांचा अंदाज घेणाऱ्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९९८ मध्ये ढोबळ हिशोब मांडला होता. वजनाच्या दर किलोमागे रोज १ नॅनोग्रॅम बी-१ पोटात गेलं, तर वर्षाला लाखात ०.०१ जादा कॅन्सर, पण माणूस हिपॅटायटिस बी चा वाहक असेल तर ०.३. म्हणजे तीसपट.

आता आपला माणूस. वजन ६० किलो, रोज २० ग्रॅम दाणे, आणि दाणे अगदी मर्यादेवरचे म्हणजे किलोला १५ मायक्रोग्रॅम. रोजचे ३०० नॅनोग्रॅम, किलोमागे ५. वाहक नसेल तर वर्षाला कोटीत ५. वाहक असेल तर कोटीत १५०.

दुसरा माणूस. तेवढ्याच वजनाचा, पण रोज ४०० ग्रॅम मक्याच्या भाकरी खाणारा, आणि मका किलोला १०० मायक्रोग्रॅमचा. किलोमागे ६६७ नॅनोग्रॅम. वाहक नसेल तर वर्षाला लाखात सातच्या आसपास. वाहक असेल तर लाखात २००.

सरळ रेषेतलं भोळं गणित आहे, पण कोणी कशाला घाबरायचं ते यावरून कळतं.

सोलापुरी_चादर

दंडवत! चटणी सुरू.

उंबरठा

इतके दिवस वाचनमात्र होते, आज लिहिते. माझ्या मोठ्या दिराचं लग्न ठरत असताना एका खाजगी लॅबमधून 'पांढरी कावीळ पॉझिटिव्ह' असा रिपोर्ट आला. पुढे काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. सासूबाईंनी आधी माळ घालून आणली, ती जसजशी लांबेल तशी कावीळ उतरते म्हणे. मग शेजारच्या गावी हात चुन्याच्या पाण्यात बुडवून 'उतरवून' घेतली, पाणी पिवळं झालं म्हणून सगळे खूश. घरात त्यांचं ताट-वाटी, पेला वेगळा. पंगतीत ते आपणहून टोकाला बसायचे. हे किती वर्षं चाललं ते आठवलं तरी लाज वाटते. वेगळ्या ताटाची खरंच गरज होती का हो डॉक्टर?

स्टेथोस्कोप

नव्हती. ताट, पेला, पाणी, मिठी, एकत्र जेवण यातून बी पसरत नाही. दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नखं कापायचं यंत्र मात्र वेगळं हवं, कारण तिथे रक्ताचा संबंध येतो. चुन्याच्या पाण्याबद्दल काय बोलणार? माळेने बरे झालेले लोक बहुतेक ए चे असतात. ते काहीच न करताही बरे झाले असते, आणि श्रेय माळेला. बी च्या माणसाची त्यात वर्षं वाया जातात.

दिरांना आता एवढं करायला सांगा: एचबीव्ही डीएनए (रक्तात विषाणू किती आहे ते), यकृताच्या एन्झाइम्सची तपासणी आणि सोनोग्राफी. प्रत्येक वाहकाला औषध लागत नाही. ज्याला लागतं त्याला टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर, रोज एक गोळी, बहुधा अनेक वर्षं. विषाणू पूर्ण जात नाही पण दबून राहतो आणि कॅन्सरचा धोका बराच खाली येतो. चाळिशी ओलांडली असेल, सिऱ्होसिस असेल किंवा घरात कोणाला यकृताचा कॅन्सर झाला असेल, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी (यकृताच्या कॅन्सरची खूण शोधणारी रक्ततपासणी). गाठ दोन-तीन सेंटिमीटरची असताना सापडली तर काढता येते, जाळता येते. पोटात दुखायला लागल्यावर आलेल्या रुग्णाला फार काही देता येत नाही.

घरच्या सगळ्यांची तपासणी करा. निगेटिव्ह असतील त्यांना लस, तीन डोस. सरकारचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून आहे, त्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

उंबरठा

मनापासून आभार. आजच बोलते घरी.

कावळेकाका

आणि सी चं काय? त्याची लस?

स्टेथोस्कोप

सी ची लस नाही, पण औषध असं आहे की बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंचाण्णवच्या आसपास लोक पूर्ण बरे होतात. सी चा विषाणू ओळखलाच गेला १९८९ मध्ये. त्याआधी रक्त चढवलेल्यांची तपासणी कोणी करूच शकत नव्हतं. जुन्या काळी रक्त घेतलेले, डायलिसिसवरचे, थॅलेसेमियाची मुलं, सुईने नशा करणारे, यांनी सी ची तपासणी करावीच. मात्र सिऱ्होसिस होऊन गेला असेल तर विषाणू गेल्यावरही सहामाही सोनोग्राफी चालू ठेवायची.

सुईवरून आठवलं. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात बी ची साथ आली, माणसं दगावली, आणि मूळ निघालं पुन्हा वापरलेल्या सिरिंजमध्ये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये भारतात बी चे २ कोटी ९८ लाख आणि सी चे ५५ लाख रुग्ण होते. त्यातल्या बहुतेकांना स्वतःला माहीत नाही. 'ताकदीचं इंजेक्शन द्या' म्हणून मागे लागणाऱ्यांना माझी विनंती, निदान नवी सुई तुमच्यासमोर फोडायला सांगा.

मोहोर

मला सातवा महिना चालू आहे. बाळाला बी ची लस जन्मल्यावर देतात असं ऐकलं. माझी स्वतःची तपासणी झालीय का ते फाइलमध्ये शोधावं लागेल.

स्टेथोस्कोप

शोधाच, गरोदरपणात ती होते. निगेटिव्ह असाल तरी बाळाला पहिला डोस २४ तासांच्या आत, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून (पाच रोगांवरची एकत्र लस). पॉझिटिव्ह असाल तर त्याच्या जोडीला इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन, आणि विषाणू खूप असेल तर तुम्हाला शेवटच्या महिन्यांत टेनोफोव्हिर. अंगावर पाजायला हरकत नाही. खाजगीत बाळंतपण असेल तर 'सुट्टी होताना देऊ' असं कधीकधी म्हणतात. मागे लागून पहिल्याच दिवशी घ्या.

निर्गुडी

लसीवरून थोडं अवांतर. ही लस पूर्वी परदेशातून यायची आणि सामान्य घराला परवडायची नाही. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणली आणि किंमत धाडकन खाली आली. सरकारी लसीकरणात २००२-०३ मध्ये काही भागांत सुरुवात, आणि देशभर पोहोचायला २०११-१२ उजाडलं. म्हणजे आज विशी-पंचविशीच्या पुढे असलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी ती मिळालेलीच नाही. या धाग्यावरची जवळजवळ सगळी मंडळी त्यात आली.

तापीकाठ

सगळं वाचलं. माझा प्रश्न साधा आहे. बुरशी दिसणारा मका बाजूला काढला. माणसाने खायचा नाही, गुरांना घालायचा नाही. मग करायचं काय? पोल्ट्रीवाला घेतो म्हणतो. इथेनॉलवाले पण घेतात.

दाणापारखी

सोपं उत्तर नाहीये, दादा. कोंबड्या या विषाला नाजूक, बदकं तर फारच, त्यामुळे जाणता पोल्ट्रीवाला तपासल्याशिवाय घेणार नाही. इथेनॉलमध्ये विष उतरत नाही, पण मागे उरणाऱ्या चोथ्यात ते तिप्पट घट्ट होतं, आणि तो चोथा पुन्हा पशुखाद्यातच जातो. तेव्हा विकताना खराब माल वेगळा म्हणूनच विका, चांगल्यात मिसळू नका, नाहीतर अख्खा लॉट जातो.

विकण्याआधी निदान एवढं करा: चाळणी मारून चुरा, फुटके आणि हलके दाणे काढून टाका, विषाचा मोठा वाटा त्यातच असतो. ते करताना तोंडाला फडकं बांधा. आणि घरी खायचा मका सगळ्यात आधी, चांगल्या कणसांतून, हाताने निवडून वेगळा ठेवा. उरलेला विकायला.

तापीकाठ

म्हणजे आम्ही आजवर करत आलो त्याच्या बरोबर उलट. तपासणी गावात होते का कुठे? मीटरसारखं काही?

दाणापारखी

मीटरसारखं नाही, पण पट्टीच्या चाचण्या मिळतात. दळलेला नमुना द्रावणात हलवायचा, पट्टी बुडवायची, काही मिनिटांत रेघ दिसते. एकट्या शेतकऱ्याला महाग पडतात. शेतकरी उत्पादक कंपनीने किट घेतलं आणि सगळ्यांनी मिळून वापरलं तर जमतं. तुमच्याकडे गट असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नमुना कसा काढायचा ते सविस्तर लिहून पाठवते.